बिनसाखरेचं गोडजेवण

आमच्याकडं शुगर हा अब्रूदार आजार आहे. तो सरपंचाला असतो, मुख्याध्यापकाला असतो, आणि ज्याला असतो तो पंगतीत चारचौघांना ऐकू जाईल असं सांगून जिलेबी नाकारतो. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, स्वतःसाठी तोच निवडला यात नवल नव्हतं. खरं तर तिला एचआयव्ही होता.

ती आणि तिचा नवरा पुण्याकडं बांधकामावर होते. तो तिकडंच त्याच आजारानं गेला. चाकूरजवळच्या सासरी आक्कानं कळवलं की कावीळ झाली होती. तपासणीत तिलाही एचआयव्ही निघाला होता, म्हणून ती सासरी राहिली नाही. नांदेडला खोली केली आणि मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटू लागली. पोळीतून हा आजार जात नाही, असं डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. पण त्या पोळ्या डॉक्टर खात नव्हते. मेसमधल्या बायकांनी रोजची गोळी पाहून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, शुगरची. त्या दिवसापासून तिचा चहा वेगळा निघू लागला.

मी लातूरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. मला कोणताही आजार आधी पुस्तकात भेटतो. आक्काला शुगर असल्याचं कळताच मी मधुमेहावर मिळेल ते वाचलं आणि ती माझ्याकडं आली की सकाळी कारल्याचा रस, दुपारी जांभळाच्या बियांची पूड, असं सुरू केलं. तिनं बरेच दिवस सोसलं. एकदा मात्र ती स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या जिलेबी खाताना सापडली. मी साखरेचे दुष्परिणाम सांगू लागले. तिनं हातातली जिलेबी संपवली, बोटं चाटली आणि म्हणाली, "तुझा तो रस बंद करणार असशील तर एक सांगते."

मला खरं कळलं ते असं, कारल्याच्या कृपेनं. मग मी चहा केला आणि तिच्या कपात साखर घातली.

औषध आणायला ती सरकारी दवाखान्यात जायची, तोंडाला स्कार्फ बांधून. तिथं सगळ्याच बायका तशा. एकदा रांगेतल्या एका बाईचे डोळे तिला ओळखीचे वाटले. कोणाचे, ते तिनं मलाही सांगितलं नाही; पोट भरायला बाहेरगावाहून आलेली आहे, एवढंच म्हणाली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. शेवटी आक्कानं विचारलं, "तुला पण शुगर का?" ती बाई म्हणाली, "हाव. लई दिवसाची." त्यांच्यात तेवढंच बोलणं झालं, आणि आक्काच्या मते त्यात सगळं आलं.

घोडं अडलं होतं ते धाकट्या जावेपाशी. आक्काचे हात दुखू लागले होते. तिला आता गावी, जावेजवळ राहायचं होतं. एका घरात राहायचं तर सांगायला हवं. दर दिवाळीला ती ठरवून जायची, आणि दर दिवाळीला जाऊ तिच्यासाठी बिनसाखरेच्या करंज्या वेगळ्या काढून ठेवायची.

"इतक्या मायेनं फिकं करून घालती," आक्का म्हणायची. "तिला कसं सांगू, मला शुगर न्हाईच म्हणून? आज करंजी वेगळी हाय. उद्या ताट वेगळं केलं म्हणजे?"

संक्रांतीला नक्की सांगते, असं ती शेवटी म्हणाली. त्याआधीच बाजारातून भाजी आणताना ऑटो उलटला आणि ती गेली. लपवलेल्या आजारानं तिला नेलं नाही, सांगितलेल्यानंही नाही. गावात मात्र, जखम भरली नसणार म्हणून, शुगरनंच नेलं असं ठरलं.

तेराव्याला सुतक फिटलं, गोडजेवण झालं. जावेनं सगळ्यांसाठी खीर केली होती आणि आक्काच्या फोटोपुढं ठेवायला थोडी बिनसाखरेची. नांदेडहून आक्काबरोबर पोळ्या लाटणारी एक बाई आली होती, मूळची मुरुडकडची. जाऊ तिला खीर वाढू लागली, तशी तिनं वाटीवर हात धरला.

"मला नगं. शुगर हाय."

"तुमाला बी? त्या मेसचं पाणीच बघाया पायजे," जाऊ म्हणाली. बायका हसल्या. मला हसू आलं नाही. जाऊ उठली आणि पातेल्यातली उरलेली फिकी खीर तिच्या वाटीत घालून पुढच्या पंगतीकडं गेली.

ती बाई खाली बघून खात होती. मी तिच्या शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "आक्काला जिलेबी लई आवडायची."

तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "तुमाला तिच्या शुगरचं ठावं होतं?"

"हाव," मी म्हणाले. एरवी हा शब्द माझ्या तोंडी नसतो.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझी वाटी ओढून घेतली आणि गोड खिरीचा एक घास घेतला. पलीकडून जावेनं ते बघितलंच.

"अवो बाई, ती गोडाची हाय."

"एका घासानं काय होतंय," ती म्हणाली.

जावेनं पदर डोळ्यांना लावला. "आमच्या थोरल्या बाईंनी बी असं कधी म्हणाया पायजे हुतं. पण माझ्या हातचं गोड कधी खाल्लं न्हाई त्यांनी."