चेहऱ्यावर धरलेली चकती

हल्ली फोटो छापायचं सगळं सूनच बघते. मी आपली स्टुडिओत काउंटरमागं खुर्ची टाकून बसते. कंबर धरते, डोळ्यांना पाणी येतं, आणि रंगीत कागदाच्या औषधांनी बोटांची सालं गेली ती गेलीच. तिसगावात आमचा हा एवढासा स्टुडिओ. फिल्म धुवायला नगरला जायची, पण निगेटिव्हवरून मोठे फोटो मी इथंच काढायची. आमच्या ह्यांना लाल-हिरव्यातला फरक कळायचा नाही. आता ते नाहीत म्हणून सांगते. कॅमेऱ्यामागं ते, डार्करूममध्ये मी.

रंगीत कागदाला तांबडा दिवासुद्धा चालत नाही. मिट्ट काळोख. एन्लार्जरचा उजेड कागदावर पडेल तेवढे सेकंद काय ते दिसायचं. तेवढ्यात मी तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलवत धरायची. तिथं उजेड कमी पडला की माणूस गोरा उमटतो. कुणी सांगायला लागायचं नाही. बाईमाणसाचा फोटो असला की हात आपोआप चकतीकडं जायचा. लोकही खूश असायचे.

यंदा उन्हाळ्यात ऊसतोडीवरून परतलेली एक बाई आली. चाळिशीची, रंगानं चांगली काळी. पिशवीतून तिनं आईचा फोटो काढला. तोडीवरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, ओल लागून चेहऱ्यावर पार बुरशी चढलेली. ही दोन वर्षांची असताना आई गेली, फोटो हा एवढाच. लेकीच्या लग्नात मांडवात ठेवायचा होता. फोटोमागं माझ्याच अक्षरात नंबर होता, म्हणून माळ्यावरच्या पाकिटांत निगेटिव्ह सापडली.

सून ती स्कॅनरला लावेपर्यंत बाई बोलत बसली. सासरी हा फोटो भिंतीवर होता. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, की बघा, आई कशी केतकीसारखी आणि हे ध्यान कुणावर गेलंय. बाई हसून सांगत होती, पण पदराचं टोक पिळत होती.

मग पडद्यावर चेहरा आला. स्कॅनरला कुठली आलीय चकती? त्यानं निगेटिव्हमध्ये होतं तसं दाखवलं.

बाई बघत राहिली. म्हणाली, "मावशी, ही माही आई न्हाई. माही आई गोरी हुती."

सून म्हणाली, त्यात काय, आत्ता गोरी करून देते. तिचा हात माउसवर गेलासुद्धा. खरं सांगते, मला वाटलं करून टाकावी. समजावून सांगायचं त्राण नव्हतं अंगात. पण त्या पदराकडं बघून मला गप्प बसवेना. सुनेला थांब म्हटलं, आणि बाईला चकतीचं सगळं सांगितलं. कुणी म्हणालं नव्हतं, मीच आपल्या मनानं केलं होतं, हेही सांगितलं.

ती चिडेल असं वाटलं होतं. ती उठली आणि पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"म्हंजी मी आईवरच गेलेय," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघताच, "तुमी मला लई वर्सं परकी केली, मावशी."

मी निगेटिव्हचं रिकामं पाकीट काउंटरवर सरळ करत बसले.

सुनेनं विचारलं, कसा छापू? ती म्हणाली, हाय तसा.

पहिला कागद तांबूस आला, दुसरा हिरवट. प्रिंटरचं हे नेहमीचंच. पूर्वी मी फिल्टर बदलत बसायची, आता सून आकडे बदलत बसते. दमायचं काही चुकत नाही. शेवटी सुनेनं तिला बाहेर ओट्यावर उन्हात नेलं, तिचा मनगटापासचा हात कागदाशेजारी धरला आणि त्यावरून रंग ठरवला. चौथा कागद जुळला.

शाई वाळेपर्यंत ती तो तळहातांवर धरून बसली. जाताना सुनेला "येते गं" म्हणाली. मला काही म्हणाली नाही.