शुभांगीने न केलेली सही

शुभांगीच्या नवऱ्याचा, मंदारचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. नवीन सत्र सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते आणि एकेका मशीनवर सॉफ्टवेअर चढवायचं काम चाललं होतं. "मीनल, शुभा गेली गं," तो म्हणाला. "आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. ईरा होती जवळ." मी नुसतं "हो" म्हणाले. चौदा महिन्यांपूर्वी तिला कॅन्सर असल्याचं कळलं होतं, उन्हाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित होती असं म्हणता येणार नाही. तरीही... फोन ठेवून मी उरलेली चार मशीन्स पूर्ण केली, लॅबला कुलूप लावलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. शुभांगीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरोबर केलंस, आधी काम उरकलंस.

इथल्या स्थानिक पेपरात तिच्यावर चार ओळी आल्या. पंधरा वर्षं कॉलेजची ॲथलेटिक ट्रेनर, मनमिळाऊ, सदैव हसतमुख वगैरे. सदैव हसतमुख ती अजिबात नव्हती. आणि ज्या सीझनमध्ये मला ती खऱ्या अर्थाने कळली, त्याचा त्यात उल्लेखही नव्हता. आमच्या फुटबॉल संघाने त्या वर्षी दहा सामने खेळले आणि दहाही हरले. असा सीझन कुणाला आठवायचा असतो? मला मात्र तो लिहून ठेवायचा आहे.

पेनसिल्व्हेनियातलं आमचं गाव अगदी लहान. कोथिंबीर आणि कढीपत्ता हवा असेल तर स्टेट कॉलेज नावाच्या शहरापर्यंत सव्वा तास ड्राइव्ह करायचं, तिथेही मिळेलच याची खात्री नाही. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात प्रिंटरवर चिडून मराठीत काहीतरी पुटपुटले, तर मागून आवाज आला, "कुठली गं तू?" वळून पाहिलं तर पाच फुटांची, कॉलेजचं जाकीट घातलेली, गळ्यात शिट्टी आणि कपाळावर टिकली अशी एक बाई. मी म्हटलं, नागपूर. "मी अमरावती," ती म्हणाली, "चल, जेवायला ये." ती फिजिओथेरपी शिकून इथे आली होती आणि पुढचं शिक्षण घेऊन ॲथलेटिक ट्रेनर झाली होती. नावात ट्रेनर असलं तरी हे व्यायाम शिकवायचं काम नाही. सामन्याआधी खेळाडूंच्या घोट्यांना टेप बांधायची, मैदानात कुणी पडलं की सगळ्यांत आधी धावायचं, आणि कोण खेळण्याजोगा आहे, कोण नाही, ते ठरवायचं. महिन्याभरात तिने मलाही कामाला लावलं. सामन्यांचं शूटिंग करायला कॉलेजला कुणी मिळत नव्हतं. "तुला कॅमेरा येतो ना? मग झालं तर." अशी मी दर शनिवारी मैदानाच्या कडेच्या मचाणावर चढू लागले, एका खेळाचे नियम शिकत शिकत.

इथला फुटबॉल पायाने खेळायचा नसतो. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि शंभर-सव्वाशे किलोच्या मुलांनी धडका देऊन त्याला अडवायचं. त्या वर्षी आमची निम्मी चांगली मुलं पास होऊन गेली होती. पहिला सामना हरलो तेव्हा कुणाला फारसं वाटलं नाही. चौथ्यानंतर प्रेक्षक कमी झाले. सहाव्यानंतर दोन मुलांनी संघ सोडला, आणि जी उरली त्यांना जास्त वेळ खेळावं लागल्यामुळे जास्त लागू लागलं. शुभांगीची खोली व्यायामशाळेच्या तळघरात होती. बर्फाच्या पाण्याची दोन पिंपं, चार टेबलं, आणि मलमाचा असा वास की घरी गेल्यावरही कपड्यांना यायचा. मुलं टेबलावर ओळीने बसायची आणि ती टेप बांधत पुढे पुढे सरकायची. हरणाऱ्या संघाचं तोंड कसं असतं ते मी तिथे पाहिलं. ती त्यांना धीर वगैरे देत नसे. "दुखतंय कुठे ते सांग. मनाचं कोचना सांग, घोट्याचं मला सांग." मुलं हसायची. मग हळूच मनाचंही तिलाच सांगायची.

त्यांच्यातला डिलन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा खेळ ज्याच्या डोक्याने चालतो तो. वीस वर्षांचा, उंच, बोलायला लाजरा. संघात काही जीव होता तो त्याच्यामुळे. आठव्या सामन्यात दोघांनी मिळून त्याला आपटलं आणि त्याचं डोकं जमिनीवर आदळलं. तो उठला, पण चालत गेला तो समोरच्या संघाच्या बाकाकडे. शुभांगीने त्याला हाताला धरून परत आणलं. अशा वेळी मेंदूला मार बसलाय का ते बघायला एक चाचणी घेतात. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे, एका पायावर उभं करायचं. त्याला दोनच शब्द आठवले. नवव्या सामन्यात तो बाहेर बसला आणि आम्ही फार वाईट हरलो.

दहावा, शेवटचा सामना आमच्यासारख्याच एका कमकुवत संघाशी होता, तोही घरच्या मैदानावर. जिंकण्याची ही एकच संधी आहे, हे गावातल्या न्हाव्यापासून कॉलेजच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. डिलनची चाचणी शुभांगी रोज घेत होती. गुरुवारी त्याला चार शब्द आठवले, पण एका पायावर उभा राहताना तो डोलत होता आणि प्रकाशाकडे बघताना डोळे बारीक करत होता. शुक्रवारी दुपारी कोचच्या खोलीतला प्रोजेक्टर बंद पडला म्हणून मी तिथे टेबलाखाली वायरी बघत होते, तेव्हा हे बोलणं झालं. अर्थातच इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतं.

"डॉक्टर म्हणतात तो ठीक दिसतोय," कोच म्हणाले. डॉक्टर म्हणजे शेजारच्या गावातले, कॉलेजचे जुने विद्यार्थी, हौसेने मदत करणारे.

"डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं पाहिलं. मी दोन वर्षं पाहतेय."

"आठ मुलांचा हा आयुष्यातला शेवटचा सामना आहे, शुभा."

"माहीत आहे."

"मला फक्त तुझी सही हवी आहे."

"म्हणून तर देत नाही," ती म्हणाली आणि डिलन खेळण्याजोगा असल्याचा तो कागद टेबलावर ठेवून निघाली.

संध्याकाळी तिला घरी सोडताना मी विचारलं, "तुझ्या बाबतीत कधी असं काही झालं होतं का गं? किंवा घरात कुणाच्या?" ती वैतागली. "प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी झालेलंच असावं लागतं का? काही झालं नव्हतं. हे माझं काम आहे. मला त्याचा पाय डोलताना दिसला. बस." थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यार, तो खेळला तर आपण उद्या जिंकू, हेही मला दिसतंय."

शनिवारी डिलन पूर्ण गणवेश घालून बाकावर बसला होता. त्याला तेवढी परवानगी होती. मध्यंतराला आम्ही फक्त तीन गुणांनी मागे होतो. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच स्टँडमधून आरडाओरडा ऐकू येत होता. संघ परत मैदानात आला तेव्हा कोच डिलनजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि डिलन उठून आपलं हेल्मेट शोधू लागला. ते कुठेच नव्हतं. मचाणावरून मी कॅमेरा तिकडे वळवला. शुभांगी दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घालून उभी होती. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. कोचनी विचारलं, हेल्मेट कुठे आहे? ती म्हणाली, "माझ्या गाडीत. गाडीची किल्ली माझ्या खिशात. आणि दुसऱ्या कुणाचं घालून तो आत गेला, तर मी पंचांकडे जाईन." तिच्याहून दीड फूट उंच असलेला तो माणूस तिच्या तोंडावर ओरडत होता, ते मात्र मी स्वतः पाहिलं. ती जागची हलली नाही. डिलन खाली बसला आणि त्याने डोक्यावर टॉवेल ओढून घेतला.

सामना संपला तेव्हाही फरक तीनच गुणांचा होता.

गोष्ट लपून राहणारी नव्हती. स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, जिथून आलीस तिथे परत जा. ती खाली वाकून बर्फाच्या पिशव्या गोळा करत होती, तशीच करत राहिली. घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर तिची दहा वर्षांची मुलगी ईरा होती. तिने विचारलं, "मॉम, डिड वी लूज बिकॉज ऑफ यू?" मला वाटलं, आता ही काहीतरी समजूत घालेल. शुभांगी म्हणाली, "हो. बहुतेक."

तो हिवाळा कठीण गेला. तक्रारी झाल्या, ईमेल आल्या, तिचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार की नाही हे मार्चपर्यंत लटकत राहिलं. मंदार म्हणायचा, सॉरी म्हणून टाक ना, विषय संपेल. ती म्हणायची, "कशाबद्दल?" शेवटी इतर खेळांच्या कोचनी मिळून तिच्या बाजूने पत्र दिलं आणि नोकरी टिकली. फुटबॉलच्या कोचची गेली. आपली खोली रिकामी करताना ते तळघरात आले आणि खोके बंद करायला थोडी टेप मिळेल का, असं विचारलं. शुभांगी टेपचे रोल घेऊन त्यांच्याबरोबर वर गेली आणि तिने स्वतः सगळे खोके बांधून दिले. परत आल्यावर मला म्हणाली, "खोकासुद्धा नीट बांधता येत नाही त्यांना." आणि मग बराच वेळ सिंकपाशी पाठ करून उभी राहिली.

इथे वाचकांना वाटेल की नंतर कुठल्यातरी तपासणीत काहीतरी सापडलं असेल आणि तिचं म्हणणं खरं ठरलं असेल. तसं झालं नाही. डिलनचा स्कॅन स्वच्छ आला. तो खेळला असता तर कदाचित काहीही झालं नसतं. शुभांगीच्या कामाचं दुर्दैव हेच होतं की ते चांगलं झालं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? वसंत ऋतूत तिनेच डिलनला पुन्हा खेळायची परवानगी दिली, स्वतःच्या सहीने. पुढच्या वर्षी आम्ही दोन सामने जिंकलो. तो तिच्याकडून टेप बांधून घ्यायचा, पण बोलायचा नाही.

तो बोलला या जुलैमध्ये. आता तो ओहायोत एका शाळेत गणित शिकवतो. तिच्या आजारपणाचं कळल्यावर पाच तास गाडी चालवत आला. शुभांगी तोवर फार खंगली होती, तरी उशा लावून ताठ बसली. मी चहा ठेवायला आत गेले, तेव्हा दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "मला अजून राग आहे. थोडासा. आपण तो सामना जिंकलो असतो."

"जिंकलो असतो," ती म्हणाली. "मला तेव्हाही माहीत होतं."

मी चहा घेऊन बाहेर आले तर तिने त्याला एका पायावर उभं केलं होतं. तो डोळे मिटून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता, आणि ती घड्याळाकडे बघत सेकंद मोजत होती. तो जराही डोलत नव्हता. "ठीक," ती म्हणाली, "आता बस." दोघंही हसत होती, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

आता तिच्या जागी केली नावाची मुलगी आहे. शुभांगीनेच तिला वर्षभर शिकवलं, केमोच्या आठवड्यांतसुद्धा. शुभांगीची एक सवय होती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊला ती तळघर उघडायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचा पगारही नव्हता. आदल्या दिवशी जे लपवलेलं असतं ते रविवारी लंगडत येतं, असं ती म्हणायची. परवा शनिवारी आम्ही पुन्हा हरलो. रविवारी मला घरात बसवेना म्हणून मी तिकडे गेले, तर दिवे लागलेले होते. केली पिंपात बर्फ ओतत होती. पहिलाच मुलगा आला तो दारातच म्हणाला, मला काही झालेलं नाही, सहज आलोय. केलीने हातातली बादली खाली ठेवली, टेबलावर थाप मारली आणि म्हणाली, "बस." तो बसला.