दुपारची तपासणी

“मॅडम म्हणा, बाई म्हणा, साहेब म्हणा, पण आधी हेल्मेट घाला,” असं ती एकदा कंपनीच्या अध्यक्षांनाच म्हणाली, तेही त्यांच्या पाहुण्यांसमोर. अध्यक्षांनी मुकाट्यानं हेल्मेट घातलं. पाहुणे आपापलं शोधू लागले.

तेव्हा ती तेलशुद्धीकरण कारखान्यात शिफ्टची अधिकारी होती. पंपांच्या घरघरीत हाक पोचत नसे, म्हणून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. समोर ‘मॅडम’ म्हणणारे कामगार पाठीमागे तिला ‘शिट्टी’ म्हणत. तिला हे ठाऊक होतं, आणि दोन्हींपैकी हेच नाव तिला कमावल्यासारखं वाटे.

बाप शिंपी. तिच्या मापाची कामाची पँट कुठं मिळेना, तेव्हा त्यानंच जाड कापडाची, सहा खिशांची शिवून दिली. आत्यानं कपाळाला हात लावला. “हे ध्यान बघून कोण पोरगा उभा राहील दारात?”

टाचण्या ओठांत धरून बाप म्हणाला, “कापड ओळखणारा राहील.”

राहिला तो दातांचा डॉक्टर. तो म्हणायचा, माझ्याकडे लोक तोंड उघडतात, हिच्याकडे बंद करतात. तिला वर्षानुवर्षं झोप कमी आणि राग जास्त होता. कारखान्याच्या चिमणीच्या टोकावरची ज्योत घराच्या खिडकीतून दिसायची. ती ज्योत विझली तर कारखाना बंद, आणि ती चालू असेपर्यंत घरात कुणी पूर्ण घरी नसायचं.

वर्षातून एकदा कारखाना थांबवून दुरुस्ती चाले. नऊ वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीच्या वेळी ती कारखान्याची प्रमुख होती. जिथं ठिणगी उडणार तिथं आधी हवेतला गॅस तपासायचा, मग वेल्डरला परमिट द्यायचं, हा नियम. जेवणाची सुट्टी झाली की पुन्हा तपासायचं, पुन्हा नवं परमिट. तपासणारी माणसं चार, जागा साठ. दुपारी वेल्डर तास-तास विडी न ओढता नुसते बसून राहत. तिनं एक पानाचं परिपत्रक काढलं: जागा तीच असेल तर सकाळची तपासणी दिवसभर चालेल. तेवीस दिवसांचं काम एकोणीस दिवसांत उरकलं. तिला मुख्य कार्यालयात बोलावणं आलं. मग संचालकपद. आता पुढच्या महिन्यात अध्यक्षांची खुर्ची रिकामी होणार होती आणि तिच्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

नऊ वर्षं काही झालं नाही. अशी वर्षं माणसाला बरोबर ठरवत जातात.

यंदाच्या दुरुस्तीत वेल्डर जेवायला गेला, तेवढ्यात शेजारच्या गटाराच्या खड्ड्यात गॅस साचला. त्यानं परत येऊन मशीन सुरू केलं. दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. चौकशीचा अहवाल आठवड्यात तयार झाला: काम पुन्हा सुरू करताना वेल्डरनं खबरदारी घेतली नाही. म्हणजे दोष त्याचा, नोकरी गेली, आणि कंपनीचा उपचारही थांबणार.

ती इस्पितळात गेली. बँडेजमधून त्याचा एकच डोळा दिसत होता.

“मॅडम, परमिट खिशात होतं हो माझ्या. बघूनच चालू केलं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सकाळचं परमिट दुपारी चालेल, हे मीच लिहिलं होतं.”

खाटेपाशी बसलेली त्याची बहीण उठून उभी राहिली. “तुम्ही? मग नऊ वर्षं काय झोपला होतात?”

“अगं ताई, गप,” वेल्डर म्हणाला.

“का गप? त्या आल्यात बोलायला, मी का गप?”

तिनं मान डोलावली. बहिणीचं खरं होतं. तिथल्या स्टुलावर ती अर्धा तास बसून राहिली. बहिणीनं तिच्याकडे पाठ केली ती केलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालकांची बैठक होती. अहवालावर तिची सही हवी होती. कायद्याचे सल्लागार गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमच्या परिपत्रकात ‘चालेल’ आहे. तपासू नका, असं कुठंय?”

“तुम्ही कधी उन्हात लोखंडावर बसून परमिटची वाट बघितलीय?”

“माझा प्रश्न कायद्याचा आहे.”

“माझा त्या लोखंडाचा आहे.”

अध्यक्ष हसले. तिला नोकरीवर घेणारे तेच. तिला ‘तू’ म्हणणारे इथले एकटेच. “हे बघ, त्याचा सगळा उपचार आपण करू. बहिणीला नोकरी देऊ. काय हवं ते कर त्याच्यासाठी. फक्त अहवालातली ती ओळ राहू दे.”

“उपचार उपकार म्हणून? आणि चूक त्याच्या नावावर जन्मभर?”

“मग काय तुझ्या नावावर हवी?”

“माझीच आहे ती. ती मला दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायची नाही.”

“अगं, पुढच्या महिन्यात या खुर्चीत तू बसणार आहेस. तेव्हा बदल ना नियम!”

“आजपासून दुपारची तपासणी पुन्हा सुरू झालीय. सकाळीच आदेश काढला. आणि जुनं परिपत्रक, ते माझं आहे अशा माझ्या जबाबासकट, सरकारी सुरक्षा निरीक्षकांच्या हाती देऊन आले.”

सल्लागारांनी पेन खाली ठेवलं. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं ओढला आणि प्यायला विसरला.

“कुणाला विचारून?” अध्यक्षांचा आवाज चढला. “अठ्ठावीस वर्षं मी तुझ्या पाठीशी उभा राहिलो. या सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस. निदान माझी माफी तरी माग!”

तिला माफी मागायची होती, पण ती या खोलीतल्या कुणाची नव्हती. सहीची जागा कोरी ठेवून तिनं अहवाल मिटला, चष्मा डबीत ठेवला, खुर्ची मागं सारली आणि लांब टेबलाला वळसा घालून, एकेकाच्या पाठीमागून, दाराबाहेर निघून गेली.