ताईची साक्ष

कुणी गोड हसून "प्रेज द लॉर्ड, सिस्टर" म्हटलं की आजही मी तोंड फिरवते. माझं देवाशी भांडण नाही. सकाळी उठल्यावर प्रार्थना करते, चर्चला जाते, नातवंडांना आजारपणात मांडीवर घेऊन देवाचं नाव घेते. पण ती हसरी तोंडं, येताजाता दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा तो सोस, त्या टाळ्या, या सगळ्याची मला शिसारी बसली आहे. ती बसली कुवेतमध्ये, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीपायी.

ताई माझ्या आधी तिकडे गेली. विधवा बाई, मूलबाळ नाही. इराक्यांना हाकलून दोन-तीन वर्षं झाली असतील, सालमियातल्या इंडियन शाळा पुन्हा भरत होत्या आणि त्यांना माणसं हवी होती. ताई नगरहून थेट तिथे आया म्हणून लागली. मग खटपट करून तिने माझ्या नवऱ्याला अम्गऱ्यातल्या, म्हणजे गावाबाहेरच्या कारखान्यांच्या भागातल्या, एका वर्कशॉपमध्ये चिकटवलं आणि मागोमाग मीही गेले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो.

ताईला साखर होती, तीही जुनी. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं होतं. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी तिच्या बाटल्या असायच्या. सकाळी शाळेला निघण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी ती पोटाला सुई टोचायची. टोचण्याआधी डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, हात हलू देऊ नको." झाली प्रार्थना. मग सुई, मग चपाती. ताईचा हा देव मला फार आवडायचा. ती त्याला लहान लहान कामं सांगायची आणि तो ती करायचा.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी यायचा. आसपासची मराठी ख्रिस्ती मंडळी एका गृहस्थांच्या फ्लॅटवर जमायची. सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे. पाळक वगैरे नव्हते ते. एका कंपनीत मॅनेजर होते, पण त्यांचा हॉल मोठा, एसी गार आणि आवाज दांडगा, म्हणून पुढारपण आपसूक त्यांच्याकडे गेलं. आधी गाणी, मग शास्त्रपाठ, मग साक्ष. साक्ष म्हणजे उभं राहून सगळ्या मंडळीसमोर सांगायचं, देवाने माझ्यासाठी काय केलं ते. आमच्या गावाकडची साक्ष साधी असायची. म्हैस सुखरूप व्याली, नवऱ्याची दारू सुटली, पोरगी एकदाची पास झाली. इथे निराळाच थाट. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, झटपट लागला, कुणाला नवी गाडी मिळाली. एकाला बढती मिळाली आणि त्या खुर्चीवरच्या केरळी माणसाला घरी पाठवलं, तर त्यालाही सगळे हालेलुया म्हणाले. तो केरळीही ख्रिस्तीच होता. त्याने आपल्या चर्चमध्ये जाऊन काय साक्ष द्यायची, हे कुणी विचारलं नाही.

ताईकडे सांगण्यासारखं कधी काही नसायचं. "प्रभूने आठवडाभर सांभाळलं," म्हणून ती खाली बसायची. ब्रदर हसायचे. "ताई, मोठं मागत जा. आपला देव काही गरीब नाही." मंडळीही हसायची. ताई बिचारी ओशाळायची. मला वाटतं तिथेच तिच्या मनाने घेतलं, की आपण देवाला काही मोठं करूच देत नाही.

एका शुक्रवारी उपवास-प्रार्थना होती. ब्रदर डोळे मिटून हलत होते. मध्येच थांबून म्हणाले, "मला दिसतंय, इथे एका बहिणीची साखरेपासून सुटका होते आहे." दिसायला काय लागतंय? मागच्याच आठवड्यात ताईने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, साखर वाढलीय, प्रार्थना करा. त्यांनी तिला पुढे बोलावलं. कपाळावर पंजा ठेवून असं ढकललं की ती मागच्या मागे झोकांडली. चारजणी रडायला लागल्या, एकीने तर तोंडाने विचित्र आवाज काढायला सुरुवात केली. "बरी झालीस," ब्रदर म्हणाले. "विश्वास आहे ना?"

आता अशा वेळी नाही कोण म्हणेल? ताई म्हणाली, "आहे."

"मग दे साक्ष."

ताई उभ्या उभ्याच म्हणाली, "प्रभूने मला बरं केलं." लगेच ब्रदरांच्या बायकोने आतून खजुरांची बशी आणली, जशी काही तयारच होती, आणि ब्रदरांनी आपल्या हाताने एक चिकट, जाडजूड खजूर माझ्या बहिणीच्या तोंडात कोंबला. मग दुसरा. टाळ्या. ताईच्या हनुवटीवर तो चिकटा आला होता आणि ती तो पदराने पुसत होती, त्याच पदराने डोळेही पुसत होती.

घरी आल्या आल्या तिने फ्रिजमधल्या बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. मी हात धरला तर हिसडा दिला. "अगं बाई, वेडी झालीस का? त्या ब्रदरला काय जातंय बोलायला?"

"तो नाही बोलला. मी बोलले," ताई म्हणाली. "साक्ष दिलीय मी मंडळीसमोर. आता सुई घेतली तर देव खोटा ठरेल."

"देवाची अब्रू काय तुझ्या साखरेवर टांगलीय?"

माझा नवरा जेवत होता, तो म्हणाला, "ताई, साखर काय मराठी ख्रिस्ती आहे का, हालेलुया म्हटल्यावर पळायला?" त्याचं तिने मनाला लावून घेतलं आणि आम्हा दोघांसाठी ती निराळी प्रार्थना करायला लागली. आमच्या विश्वासासाठी. डोक्यावर हात मारून घ्यायची वेळ.

मग ती वाळायला लागली. ब्लाउज खांद्यावरून उतरायचे. आणि आमची मंडळी काय म्हणाली असेल? "ताई, किती छान बारीक झालात. चेहऱ्यावर तेज आलंय." साखर बाईला आतून खात होती आणि यांना तेज दिसत होतं. दर शुक्रवारी तिला उभं करायचे. नवं कुटुंब आलं की ओळख करून द्यायचे, "या आमच्या बऱ्या झालेल्या ताई." तिला सारखं पाणी लागायचं, तर म्हणायची कुवेतचा उन्हाळा आहे. ती लघवीला जायची त्या मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली. मी ती रोज पाणी ओतून घालवायची आणि ती रोज पुन्हा यायची. मुंग्या कशाला येतात ते मलाही कळत होतं आणि तिलाही. एक दिवस बघितलं तर ती स्वतःच पहाटे उठून मोरी घासत होती. मी बघितलं हे तिने बघितलं.

त्याच सुमारास कंबर धरली म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेले. औषधाच्या खिडकीपाशी रांगेत माझ्या पुढे कोण? ब्रदर. हातात गोळ्यांची ही एवढी पिशवी. मला बघून जरासुद्धा दचकले नाहीत. "जय ख्रिस्त, सिस्टर. प्रेशर असतं ना थोडं. शरीर हे देवाचं मंदिर आहे, ते सांभाळायला नको?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आणि ताईचं शरीर काय आहे मग, ब्रदर?"

त्यांनी मान तिरकी केली, लहान मुलाला समजावतात तशी. "तिला वरदान मिळालंय. ते सगळ्यांना मिळत नाही." आणि पिशवी हलवत गेले आपल्या गार गाडीत बसायला.

मला वाटलं, हे सांगितलं की ताईचे डोळे उघडतील. कसले उघडतात. ती म्हणाली, "त्यांनी कुठे साक्ष दिलीय? मी दिलीय." तिच्या हिशोबाने ते बरोबरच होतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. लबाड माणूस गोळ्या घेऊन मोकळा आणि प्रामाणिक बाई स्वतःच्या शब्दाला बांधलेली. ती खोटारडी असती तर गुपचूप सुई टोचून घेतली असती आणि शुक्रवारी टाळ्या घेतल्या असत्या.

पुढे शाळेतल्या बुटाने तिच्या अंगठ्याला फोड आला. तिला तो कळलाच नाही, पायाला जाणीवच उरली नव्हती. मला कळलं ते वासाने. म्हणजे आधी कळलं उदाने. ताई आपल्या खोलीत रोज ऊद जाळायला लागली, तिथल्या अरबी घरांत जाळतात तसा. मी म्हटलं, हे काय नवीन? ती म्हणाली, प्रसन्न वाटतं. दोन दिवसांनी उदाच्या खालून तो दुसरा वास यायला लागला. कुजल्याचा. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. त्या शुक्रवारी ती तशीच पायमोजा घालून प्रार्थनेला गेली. मी तिच्या शेजारी बसले होते. ब्रदर तिच्या डोक्यावर हात ठेवायला आले, थबकले, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि पुढच्या माणसाकडे वळले. तिच्या शेजारच्या दोघी हळूच उठून खिडकीपाशी गेल्या. कुणी विचारलं नाही, ताई, पायाला काय झालंय? गाणं मात्र जोरात चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या जिन्यात कोसळली. हॉस्पिटलात अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काढली. जीव वाचला तो डॉक्टरांनी वाचवला. देवानेही वाचवला असेल, मी त्यांच्यात भांडण लावत नाही. मंडळीतल्या दोघी भेटायला आल्या आणि ब्रदरांचा निरोप आणला, की कुठेतरी विश्वासात कमी पडलं असेल, ताईंनी मन तपासून बघावं. सोबत फळांच्या रसाचे डबे, गोड. मी ते डबे त्यांच्या पिशवीत परत घातले आणि वॉर्डच्या दारापर्यंत त्यांना पोचवून आले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पायाची जखम भरल्यावर ताई म्हणाली, "मला शुक्रवारी घेऊन चल." मी भांडले, रडले. तिने ऐकलं नाही. काठी घेऊन ती हॉलमध्ये शिरली तशी सगळी तोंडं पुन्हा गोड झाली. ब्रदर म्हणाले, "प्रभूने आमची बहीण मरणातून परत दिली. ताई, साक्ष?" तीच त्यांना हवी होती. कापलेल्या बोटांचीही त्यांना साक्षच हवी होती.

ताई उभी राहिली. "मी या जागी खोटी साक्ष दिली होती," ती म्हणाली. "मी बरी झाले नव्हते. मला आतून कळत होतं. देवाचं मोठं काम दिसावं म्हणून मी खोटं बोलले आणि बोलले म्हणून खोटं धरून बसले. मी आता सुई घेते. मला क्षमा करा."

ब्रदरांनी एक क्षण वाट बघितली आणि टाळी वाजवून गाणं सुरू केलं. आणि सगळे गायले हो. एकूण एक. मला वाटलं होतं निदान एखादा तरी गप्प राहील. ताई काठीवर भार देऊन उभी आणि ही माणसं तिच्याभोवती टाळ्या पिटताहेत. त्या क्षणी मला जी किळस आली तिला आजवर उतारा मिळालेला नाही.

आम्ही खाली येऊन टॅक्सी बघत होतो तेवढ्यात मागून एक बाई धावत आली. रिग्गईला राहणारी, नवरा ड्रायव्हर, नुकतीच मंडळीत येऊ लागलेली. तिने ताईचा हात धरला. "ताई, मग मुलीच्या गोळ्या परत सुरू करू का?"

"कसल्या गोळ्या?"

"फिटच्या. तुमची साक्ष ऐकली ना, तेव्हापासून बंद केल्यात. परवा दोनदा आली फिट. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, माझाच विश्वास कमी पडतोय."

ताईचा चेहरा असा झाला की मी तिला धरलं. बोटं कापली तेव्हा ती अशी झाली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "चल. आत्ता तुझ्या घरी चल."

रिग्गईच्या त्या एका खोलीत सात-आठ वर्षांची मुलगी टीव्ही बघत बसली होती, जीभ चावल्यामुळे ओठ सुजलेला. आईने कपाटाच्या मागून गोळ्यांची पाकिटं काढली. फेकायचा धीर झाला नव्हता तिला, नशीब. ताई जमिनीवर बसू शकत नव्हती तरी बसली, आणि गोळी स्वतःच्या तळहातावर घेऊन मुलीपुढे धरली. मुलगी मागे सरकली. तिकडे वाढलेली पोर, तिला धड मराठी यायचं नाही.

"आंटी, ही घेतली तर जीझस अँग्री होणार?"

ताईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. "नाही गं राणी," ती म्हणाली. "तुझ्यावर नाही. तो फक्त माझ्यावर रागावलाय."

मुलीला ते पटलं. तिने गोळी घेतली आणि पाणी प्यायली.