पाठ तिची

आमच्या जळगावच्या मुलींच्या बालगृहात कुणी वाढदिवसाची केळी वाटायला आलं, की अक्का त्यांना आधी मैदानात उकिडवं बसवायच्या. “बसा भाऊ, पाळी तुमनी शे.” फैजपूरचे एक व्यापारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खो-खोच्या रांगेत बसले आणि खो मिळाल्यावर उठताना कोलमडले. मुली पोट धरून हसल्या. अक्का म्हणाल्या, “आते वाटा. आते वळख व्हयनी.”

मी तिथली अधीक्षिका. अक्का मूळच्या पाचोऱ्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षिका. रोज संध्याकाळी यायच्या, मानधनाचा विषय निघाला की बहिऱ्या व्हायच्या. खेळाने मुली दुःख विसरतात, असं एकदा मी अहवालात लिहिलं. त्यांनी ते खोडायला लावलं. “दुख जात नही. भूक लागस, झोप लागस. तेच लिही.” ते खरंच होतं. खेळ असेल त्या दिवशी भाकरी वाढवाव्या लागत.

रेखा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून आमच्याकडे आली, तेव्हा दहा वर्षांची असेल. घरचं कुणी नव्हतं. मागून पाठीला हात लागला की ती वळून चावायची. शाळेत दोघींना चावली. पुन्हा असं झालं तर ठेवणार नाही, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. शाळा सुटली असती तर तिला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावं लागलं असतं. आणि खो-खो म्हणजे तर पाठीवर थाप. मी म्हटलं, “अक्का, हिला दोरीच्या उड्या द्या.”

“दोरी काय बोलस तिनासंगे?”

अक्कांनी नियमच बदलला. खो देण्याआधी बसलेल्या मुलीचं नाव घ्यायचं, मग हात लावायचा. नियम एकट्या रेखासाठी नाही, सगळ्यांसाठी. रेखा काही दिवस खांबापाशी उभी राहून बघत होती. मग एक दिवस रांगेच्या टोकाला बसली. “रेखा, खो!” ती दचकली, पण उठून पळाली. पुढे शाळेतूनही तक्रार आली नाही. मैत्रिणी तिथेही आधी हाक मारू लागल्या होत्या.

एक अडचण होती. नाव ऐकलं की समोरची पळणारी सावध व्हायची. आमचा संघ कायम हरायचा. कर्णधार मंगल वैतागून म्हणाली, “अक्का, आपण हरायलाच शिकतोय.”

“शिका. ते बी यायले पाहिजे.”

धुळ्याच्या स्पर्धेत मात्र आम्ही थोड्याच गुणांनी मागे होतो. शेवटची पाठलागाची पाळी आमची. मंगल धावत आली. “अक्का, आता तरी नावं सोडू?”

“माले काय इचारस? पाठ तिनी शे. तिले इचार.”

मंगलने रेखाला विचारलं. पंचांनी शिट्टी मारली. “नको घेऊ नाव,” ती म्हणाली.

मागून थाप आली तेव्हा ती क्षणभर तशीच आक्रसून बसली. मग उठली. तेवढ्यात पळणारी खांबापलीकडे गेली होती. आम्ही एका गुणाने हरलो. अक्कांनी मुलींना उसाचा रस पाजला.

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली, तशा अक्का धुळ्याला मुलाकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात वारल्या. मी मैदानावर जाऊन मुलींना सांगितलं. रेखा आता कर्णधार आहे. तिने एवढंच विचारलं, “शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?”

“मुलगा होता.”

“मग बरं,” ती म्हणाली, आणि लहान मुलींना रांगेत बसवायला गेली.