बोअरच्या पाण्याचं व्याख्यान

कॉलेजात प्रशिक्षण लागलं की आम्हा प्राध्यापक मंडळींचा पहिला प्रश्न असतो सर्टिफिकेट कधी मिळणार, आणि दुसरा जेवणात काय आहे. मी हिंगोलीत मराठी शिकवते. या नोकरीत केस पांढरे झाले, आणि तेवढ्या काळात नवी धोरणं, नवे प्रवाह, नवी कौशल्यं असलं इतकं ऐकून झालंय की सेमिनार हॉलचा कोणता पंखा कुरकुरतो ते मला मान वर न करता सांगता येतं. त्यामुळे यंदा पुन्हा आठवडाभराचं प्रशिक्षण आलं तेव्हा मी तपासायचे पेपर पिशवीत घालूनच गेले.

पेपर पिशवीतच राहिले. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाई भलत्याच निघाल्या. त्यांनी ना दीप लावू दिला, ना सत्कार होऊ दिला. आमचे प्राचार्य हातात शाल घेऊन तसेच उभे राहिले, बिचारे. बाईंनी फळ्यावर 'समजलं का?' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यावर फुली मारली.

"आठवडाभर हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. वर्गात हा विचारला की मुलं काय म्हणतात?"

"होऽऽ!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, आणि मग आमचं आम्हालाच हसू आलं. खरंच की. इतक्या वर्षांत 'नाही' म्हणणारं एक पोरगं मला आठवेना.

माझ्या शेजारी रसायनशास्त्राचे सर बसायचे. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. प्रयोगशाळेत एका पोरीच्या हातावर ॲसिड उडालं तेव्हा तिला स्वतःच्या मोटरसायकलवर दवाखान्यात नेऊन, आईबाप येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिलेला माणूस. त्यांची एक सवय मात्र चेष्टेचा विषय होती. घरून भरून आणलेली स्टीलची बाटली कायम खांद्याच्या बॅगेत. कॉलेजचं पाणी त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही. "सरांचं बाटलीशिवाय भागत न्हाई बगा," असं शिपाईसुद्धा म्हणायचे, आणि सर हसून सोडून द्यायचे.

तिसऱ्या दिवशी बाईंनी जोड्या लावल्या. आपलं संशोधन शेजाऱ्याला सांगायचं, पण समोर आपली मावशी किंवा काका बसलेत असं समजून, एकही इंग्रजी शब्द न वापरता. सर माझ्या वाट्याला आले.

"घ्या, समजा मला मावशी," मी म्हटलं.

सर चार वाक्यांत तीनदा अडकले. मग हळूहळू गाडी रुळावर आली. आपल्याकडे बोअर खोल खोल जातात, खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाणी दिसायला नितळ, चवीला चांगलं. पण लेकरं तेच पीत वाढली की दात पिवळे, तपकिरी होतात, आणि फार वर्षं पीत राहिलं तर हाडंही आखडतात. फ्लोराइड एवढा एक शब्द त्यांना टाळता आला नाही, तो मी चालवून घेतला.

"आणि मॅडम, गंमत बघा," त्यांनी माझ्याच वहीत जबडा काढला. "दुधाचे दात तोंडात असतात ना, तेव्हाच पक्के दात खाली हिरडीत तयार होत असतात. डाग बसतो तो तिथेच. बाहेर आल्यावर किती घासा, जात नाही."

चित्र सुरेख होतं. मला रसायनशास्त्रातलं एवढं काही आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि मी ते त्यांना सांगितलंही. सर खूश झाले.

"हे पाणी तपासलं कुठलं?" मी विचारलं.

सरांनी गावाचं नाव घेतलं. औंढा तालुक्यातलं, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूचं, पण उंचावर, त्यामुळे धरणाचं पाणी डोळ्यांना दिसतं आणि हंड्यात येत नाही. सगळ्यात वाईट नमुना तिथल्या बौद्ध वस्तीतल्या बोअरचा निघाला होता. तीन-चार वर्षांपूर्वी स्वतः जाऊन त्यांनी बाटल्या भरून आणल्या होत्या.

"मग वस्तीत सांगितलंत?"

"पेपर छापून आलाय, मॅडम. चांगल्या जर्नलमध्ये."

"अहो, वस्तीत सांगितलं का?"

"ते काम प्रशासनाचं आहे."

"बरं. प्रशासनाला सांगितलं?"

सर बाटलीचं झाकण फिरवत बसले. "छापून आलाय ना," पुन्हा तेच. तेवढ्यात बाईंनी टाळी वाजवून वेळ संपल्याचं सांगितलं.

मला राग आला, आणि तो का आला हे सांगायला हरकत नाही. मी स्वतः अशाच वस्तीत वाढले. शिवाय त्याच गावची एक पोरगी माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात होती. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला, तोंडावर कायम ओढणी. गप्प पोरांना बोलतं करा असं मागच्या एका प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणून मी तिला मुद्दाम उठवलं होतं. तिनं ओढणीआडून उत्तर दिलं, अगदी बरोबर दिलं, आणि मागून एक कार्टं पुटपुटलं, "गुटखा थुकून ये आधी." त्याला मी वर्गाबाहेर काढलं. पण पोरगी जी खाली बसली ती पुन्हा काही उठली नाही. सरांचा जबडा वहीत बघेपर्यंत त्या ओढणीचा अर्थ माझ्याही ध्यानात आला नव्हता.

प्रशिक्षणाचा शेवटचा भाग होता गावात जाऊन व्याख्यान. लोकांना लोकांच्या भाषेत आपला विषय सांगायचा, सोबत जोडीदारानं जायचं आणि कसं झालं ते बाईंना कळवायचं. मगच सर्टिफिकेट, आणि सरांची बढती तेवढ्या एका सर्टिफिकेटापायी अडली होती. गाव मी ठरवलं. दुसरं कुठलं ठरवणार? सरांनी नाही म्हटलं नाही, फक्त विषय दिला, 'पाणी : काल, आज आणि उद्या'.

"बोअरचं सांगणार ना?" जीपमध्ये मी विचारलं.

"शेवटी सांगतो, मॅडम. वातावरण बघून."

"वातावरणाला काय झालंय?"

"लोक घाबरतात. मग म्हणतात, इतके दिवस कुठं होतात." सर खिडकीबाहेर बघत राहिले. हळदीचं शेत आलं, गेलं. माणसाला नेमकी कशाची धास्ती होती ते त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, त्यामुळे मी पुढं काही विचारलं नाही.

विहारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. जयभीम झाला, फुलं झाली. बायका बऱ्याच आल्या होत्या. माझी ती विद्यार्थिनी सगळ्यांना बसवत फिरत होती, ओढणी तशीच. पुढच्या रांगेत तिची आजी, मांडीजवळ तिचा लहान भाऊ.

सर अर्धा तास बोलले. पाऊस कसा कमी होत चाललाय, झाडं का लावावीत, नळाला तोटी का असावी. त्या वस्तीत नळच नव्हता, पण ते असो. मी शेवटाची वाट बघत होते. शेवट आला, सरांनी पाण्याला जीवन म्हटलं, घाम पुसला आणि सवयीनं विचारलं, "समजलं का?"

"होऽऽ," सगळे म्हणाले. टाळ्या पडल्या. सर खाली बसले आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मग पाणी आलं. आजीनं स्वतः ताटात तांब्या आणि पेले आणले आणि पहिला पेला सरांपुढे धरला. सरांनी हात आडवा केला. "नको, नको. राहू द्या." आणि वर, अरे देवा, त्यांनी बॅगेतून आपली स्टीलची बाटली काढली, झाकण उघडलं आणि दोन घोट घेतले.

आमच्या लोकांना याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. आजी पेला तसाच धरून उभी होती.

"तांब्या घासलेला हाय, सर," ती म्हणाली. "राखेनं घासलाय. नातीनंच घासला."

सरांना काहीच कळलं नाही. "तसं नाही हो आजी, मला तहान नाही," असं ते हातात उघडी बाटली धरून म्हणाले. मागे एक म्हातारे गृहस्थ उठले, काठी घेतली. "चला रे. झाला कार्यक्रम. आजून तेच चालू हाय." दोघं-तिघं त्यांच्यामागे उठले. माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघत होती, की मॅडम, तुम्ही कुणाला घेऊन आलात.

माझं डोकं सणकलं. "सर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाणी काहून घेत न्हाई ते सांगा. आत्ता सांगा. न्हाईतर मी सांगते."

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा पार उतरला. बाटली खाली ठेवून ते उभे राहिले आणि बोलायला लागले, आणि खरं सांगते, इतकं चांगलं त्यांना कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. खडक, बोअर, फ्लोराइड, दात, हाडं. एक शब्द अवघड नाही. उकळून उपयोग नाही, हे पाणी फक्त भांड्याला-धुण्याला वापरा, पिण्याचं पलीकडच्या विहिरीचं आणा, तिचं मी तपासलंय. या वेळी 'समजलं का' विचारायचं ते विसरले.

काठीवाले बाबा पुन्हा खाली बसले.

"म्हंजी पाणीच खराब हाय व्हय!" आजीनं पेला ताटात ठेवला आणि मोकळी हसली. "मला वाटलं, आमचा ईटाळ हाय का काय." बायकाही हसल्या. सरही हसले, सुटल्यासारखे.

"पर बाटल्या तर तुमी कवाच नेल्या व्हत्या," एक बाई म्हणाली. "तवाच कळलं व्हतं का तुमाला?"

"हो," सर म्हणाले. "त्याच वर्षी."

त्यावर कुणी ओरडलं नाही. मला वाटतं, ओरडलं असतं तर सरांना सोपं गेलं असतं.

माझी विद्यार्थिनी पुढे आली. तिनं ओढणी खाली केली. मी तिचं सगळं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"सर, माझे दात यानंच झाले का?"

"हो, बेटा."

"मी नीट घासत न्हाई म्हणून न्हाई?"

"नाही. घासण्याशी काही संबंध नाही."

"सगळे म्हणायचे, घाण हाय. मी राखेनं घासले, मिठानं घासले. रगत निघेपर्यंत घासले, सर." मग आजीच्या मांडीजवळून तिनं भावाला उठवलं, त्याची हनुवटी धरून तोंड सरांकडे केलं. सहा-सात वर्षांचं लेकरू, पुढचे दोन दात नुकतेच पडलेले, लाजून हसत होतं.

"ह्याचे आत्ताच पडलेत. आजपासून त्याला हे पाणी बंद करते मी. याचे तरी पांढरे येतील ना, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला सगळं फार नीट समजावून सांगितलं होतं. चित्र अजून माझ्या वहीत होतं. उत्तर मलाही ठाऊक होतं.