मुंबईहून परत आलेली सुकट

गारगोटीच्या स्टँडवरून पहाटेची एसटी सुटली, तेव्हा आमच्यासोबत एक वळकटी, भाकरीचं गाठोडं आणि माझी प्रथमोपचाराची पेटी होती. मी शाळेत स्काउट मास्तर. पेटीशिवाय गाव सोडत नसे. गोष्ट सत्तरच्या दशकातली.

माझी बायको यमुना हिची थायरॉईडची ग्रंथी कर्करोगामुळे आधीच काढली होती. आता मानेत पुन्हा गाठ हाताला लागत होती. रोग परतला का, हे मुंबईच्या तपासणीत कळणार होतं. किरणोत्सारी आयोडीन प्यायला द्यायचं आणि ते अंगात कुठं साठतं, ते यंत्रानं बघायचं. त्यासाठी महिनाभर तिच्या थायरॉईडच्या रोजच्या गोळ्या बंद, मासळी बंद, आयोडीनचं काहीही नको. गोळ्या सुटल्यापासून यमुनेला भर उन्हाळ्यात थंडी वाजे. आवाजही घोगरा झाला होता.

"हवालदार झालोय मी," ती म्हणायची.

कोल्हापूरला गाडी बदलली. दोन्हीकडं ऊस, मग कऱ्हाडला नदीचा पूल. साताऱ्याच्या स्टँडवर उतरताना तिचा पाय घसरला आणि दोन्ही गुडघे फुटले. मी ऐटीत पेटी उघडून टिंक्चर आयोडीनचा बोळा दाबला.

"आई गं! अवो, जीव घेतासा काय!"

"पावणं, औषध लावतायसा का डाग देतायसा?" कंडक्टरनं विचारलं. सगळा स्टँड हसला.

मुंबईत तिच्या भावाकडे उतरलो. तिचं माहेर गगनबावड्याच्या घाटाखालचं, त्यामुळं सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) म्हणजे तिचा जीव. भावानं गावाकडची सुकट फडक्यात घालून दिली. "तपासणी झाल्यावर खाईन," म्हणत तिनं फडक्याला दोन गाठी मारल्या आणि ते वळकटीत ठेवून दिलं. आमचा नंबर लागेपर्यंत मी सकाळ-संध्याकाळ तिच्या गुडघ्यांना टिंक्चर लावत होतो.

हॉस्पिटलात तिला एका पेल्यातून नळीनं औषध प्यायला दिलं.

"चव कशी हाय?" मी विचारलं.

"पाण्याची. एवढ्यासाठी खंडाळ्याचा घाट उतरलो व्हय?"

दोन दिवसांनी तिला यंत्राखाली झोपवलं. यंत्र मानेवरून सावकाश येरझारा घालायचं आणि शेजारच्या कागदावर टकटक ठिपके पाडायचं. मला आमच्या गल्लीतला शिंपी आठवला. कागद जवळजवळ कोराच निघाला. सुटलो! पेढे कुठं चांगले मिळतील, याचा मी विचार करू लागलो.

डॉक्टरांनी मान चाचपली, कागद पाहिला, पुन्हा मान चाचपली. "गाठ हाताला लागतेय आणि कागदावर काहीच नाही. बाहेरचं आयोडीन अंगात गेलं की रोगाची गाठही आमचं औषध शोषत नाही. मासळी खाल्ली? जखमेला काही लावलं?"

माझी कानशिलं तापली. बाटलीवर नावच छापलेलं होतं, आणि मी पथ्य फक्त तोंडाचं धरलं होतं. पोरांना प्रथमोपचार शिकवणारा मी!

"भावाकडं सुकट खाल्ली असंल हिनं," मी बोलून गेलो.

यमुनेनं माझ्याकडं पाहिलं. मग लुगडं गुडघ्यांवर नीट ओढून घेतलं.

"अडीच महिन्यांनी परत या," डॉक्टर वैतागून म्हणाले. "तोवर मासळीचा वासही नको." म्हणजे तोवर गाठ मानेतच राहणार, आणि पुन्हा गोळ्या बंद, पुन्हा ती थंडी.

परतीच्या गाडीत मी हळूच विचारलं, "तू बोलली का न्हाईस?"

"तुमी बोललासा की. दोघांनी कशाला बोलायचं?"

घरी आल्यावर तिनं फडकं सोडलं, कांदा-मिरचीवर सुकट परतली आणि भाकरीसोबत माझ्यापुढं ठेवली.

"आणि तू?"

"माझं पथ्य हाय न्हवं? खावा."

दुसऱ्या खेपेला डाग उमटला, ज्वारीच्या दाण्याएवढा. उपचार लागू पडले आणि यमुना पुढं कितीतरी वर्षं जगली. पण तिच्या जिभेपायी मुंबईची एक खेप फुकट गेली, हे मी गावभर सांगितलेलं होतं. "काकू, सुकट आणू काय?" म्हणून पोरं तिला शेवटपर्यंत चिडवायची. ती हसायची आणि मीही हसायचो.

आता ती नाही. मी ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा गारगोटीकरांनो, ऐका. मुंबईत ते फडकं तिनं उघडलंच नव्हतं. सुकट झकास झाली होती. ती मी एकट्यानं खाल्ली.